दुपारची ट्रायल

साहेबांचा कोट फुकट शिवून देते म्हटल्यावर साहेब एका पायावर तयार झाले. ट्रायलला दुपारी चारला घरी या, असं शिवणवालीने मुद्दाम सांगितलं होतं.

एरवी उकाड्याची तक्रार केली की हा हाउसिंग ऑफिसचा तपासनीस सकाळीच उगवायचा. भिंती गार असताना तापमान मोजायचा आणि 'सगळं ठीक' म्हणून मोकळा व्हायचा. कुणी पडू नये म्हणून या जुन्या सरकारी इमारतीच्या खिडक्या त्यानेच स्क्रूने बंद करून घेतल्या होत्या. हात लावाल तर घर रिकामं करावं लागेल, ही धमकीही त्याचीच. गेल्या उन्हाळ्यात शिवणवालीची आई त्या बंद खिडकीशी उकाड्याने तडफडून गेली. आता तिथे वडील बसायचे. आज मात्र त्यांना तिने खाली मावशीकडे धाडलं होतं.

तिने जाड अस्तराचा कोट साहेबांच्या अंगावर चढवला आणि निवांत टाचण्या लावत बसली. साहेब घामाने निथळले. शेवटी कोटासकट दरवाज्याकडे धावले, पण दरवाजा हलेना. लोखंडी दरवाजा दुपारच्या उन्हाने फुगतो. हँडल वर उचलून कमरेने ढकलायचं, हे इमारतीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. साहेब दुपारी कधी आलेच नव्हते.

"खिडकी तरी उघडा, बाई."

"तुमचाच नियम आहे साहेब. घर जाईल माझं."

"अहो, जीव जातोय माझा."

"आईपण हेच म्हणत होती. मी फोन केला तर सकाळी बघू म्हणालात."

तिने पाण्याचा तांब्या पुढे केला. त्याला मारायचं नव्हतं तिला, फक्त शिजवायचं होतं. त्याचा लालबुंद चेहरा बघून तिला मनापासून बरं वाटत होतं.

साहेबांनी मशीनवरचा स्क्रूड्रायव्हर हिसकावला आणि स्वतःच्या हाताने सगळे स्क्रू काढले. खिडकी ढकलून ते कमरेपर्यंत बाहेर लोंबकळले. खाली अंगणात शेजारीपाजारी मान वर करून उभेच होते. तिनेच त्यांना बोलावलं होतं.

"साहेबांनीच उघडली गं," मावशी मोठ्याने म्हणाली. मग सगळे वर पळाले आणि एकेका मजल्यावर स्क्रू निघून खिडक्या उघडल्याचे आवाज येऊ लागले.

शिवणवालीने कोट उतरवून घेतला, हँडल उचललं आणि कमरेने दरवाजा ढकलला. साहेब बघतच राहिले.

"उघडत होता?"

"दुपारी आला असतात तर कळलं असतं," ती म्हणाली. "निघा आता. वडिलांना वर आणायचंय."