पाहुणीचं चित्र

मित्रांनो, मी एका झाडाचं जुनं चित्र आहे. मैंदर्गीजवळच्या एका जहागीरदारांच्या बागेत माझा जन्म झाला. सरकारांना हौस भारी! बागेतलं प्रत्येक झाड रंगवून वहीत हवं, म्हणून त्यांनी बसलिंगप्पा चितारींना बोलावलं. ते झाडासमोर मांडी घालून बसत. डोळ्यांना दिसेल तेवढंच काढायचं, मनाचं काही घालायचं नाही, हा त्यांचा नेम होता.

माझं झाड दूर देशाहून आलेलं. नाव कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून गुरप्पा माळी त्याला 'पाहुणी' म्हणे. चितारी येणार त्या सकाळी गुरप्पाने काय करावं? पाहुणीच्या पानांवरची पांढरी लव त्याला धुळीसारखी वाटली. जणू नवरी दाखवायची म्हणून त्याने एकेक पान तेलाच्या फडक्याने घासून चकचकीत केलं. चितारींनी दिसलं तसं काढलं. सरकारांनी खूश होऊन गुरप्पाला फेटा बांधला. मलाही आभाळ ठेंगणं झालं.

पुढे सरकार गेले, वही पेटीत गेली. बहात्तरच्या दुष्काळात विहीर आटली आणि बाग वाळली. बैलगाडीतून पिंपभर पाणी येई, ते फक्त वहीतल्या झाडांनाच द्यायचं, असं सरकारांच्या सूनबाईंनी ठरवलं. झाडं ओळखायला सोलापूरहून एक प्राध्यापक आले. पाहुणी चार पानांवर आली होती. त्यांनी मला तिच्याशेजारी धरलं. इतक्या वर्षांनी आमची भेट झाली, आणि ते म्हणाले, "चित्रातलं पान गुळगुळीत आहे, हे लवदार. हे ते झाड नव्हे. याला पाणी नको."

मला ओरडावंसं वाटलं. पण कागदाला तोंड कुठलं?

म्हातारा गुरप्पा शेजारीच उभा होता. त्याने डोक्यावरचा फेटा काढून हातात घेतला.

"सायेब, त्येच झाड हाय की. चितारी यायच्या आदी म्याच तेलानं घासलं हुतं पान. सरकारांनी फेटा बांदला, मग खरं कुटल्या तोंडानं सांगू? लई चुकलं माजं. पर तिला पानी द्या."

"गुरप्पा, इतकी वर्षं हे पोटात ठेवलंस?" सूनबाईंनी विचारलं.

"व्हय, बाईसायेब."

त्या दिवशी पाहुणीला पाणी मिळालं. महिन्याभराने तिला नवं पान फुटलं. ते मी पाहिलं, आणि लगेच प्राध्यापकांनी जपून ठेवायला मला सोलापूरला आपल्या कॉलेजात आणलं.

त्याला आता सहा वर्षं झाली. मी कॉलेजच्या कपाटात आहे. डांबराच्या गोळ्या आहेत, वर पातळ कागद आहे, सगळे मला फार जपतात. गुरप्पा वारल्याचं कानावर आलं. त्याच्यामागे पाहुणीला पाणी कोण घालतं, हे मात्र कुणी बोलत नाही. मला तिची फार आठवण येते. तिची लव कशी लागते, हे मला अजून ठाऊक नाही.

मित्रांनो, तुम्ही मला बघायला येता, माझे रंग छान म्हणता. पण मैंदर्गीकडे कुणी जाणार असेल, तर आधी तिला घागरभर पाणी घाला. माझं कपाट नंतर उघडलं तरी चालेल.