कोलबीची पट्टी सहाव्या ओळीत

मित्रांनो, या तळघरात मोडक्या खुर्च्यांमागे भिंतीला टेकून उभा आहे तो मी, अमेरिकेतल्या टोलेडो शहराच्या फुटबॉल संघाचा जुना लोखंडी फळा. घाबरू नका, जवळ या. कोपऱ्यांना गंज चढलाय, एवढंच.

याच शहरातल्या पत्र्याच्या कारखान्यात माझा जन्म झाला. मला पांढरा रंग दिला, आडव्या रेषा मारल्या आणि संघाच्या कचेरीत वरच्या मजल्यावर टांगलं. दर एप्रिलला सगळे संघ कॉलेजांतले नवे खेळाडू पाळीपाळीने निवडतात. त्याआधी आमची माणसं माझ्यावर चुंबकाच्या पट्ट्या लावत. एका पट्टीवर एका पोराचं नाव. उत्तम पोरगा पहिल्या ओळीत, बेताचा खाली. काय थाट होता माझा! खोलीला कायम कुलूप, झाडूवाल्यांनाही आत मज्जाव.

आमच्या संघाला एकोणीस वर्षं धड क्वार्टरबॅक मिळाला नव्हता. आमच्या फुटबॉलमध्ये चेंडू हाताने फेकतात; तो फेकणारा तोच, डाव सांगणारा तोच. तो नसेल तर बाकीचे बावन्न म्हणजे नवरदेवाविना वऱ्हाड. नऊ क्वार्टरबॅकांची नावं मी पहिल्या ओळीत मिरवली आणि नऊच्या नऊ वाया गेले. क्वार्टरबॅकपुढे पाच धिप्पाड गडी उभे राहून त्याला वाचवतात. आमचे पाच म्हणजे सताड उघडं फाटक! पण हे बोलणार कोण? ऑर्विल क्रॅबट्री बोलायचा.

ऑर्विल आमचा जुना पारखी. तीस वर्षं गाडी हाकत गावोगावचे सामने पाहत हिंडला. कोलबी रँकिन त्यानेच कॅन्ससमध्ये शोधला. भर वाऱ्यात चेंडू सरळ फेकणारा पोरगा. ऑर्विल त्याच्या घरी दोनदा जेवला, आईच्या हातची मांस-राजम्याची चिली आणि दालचिनीचे रोल. परत आला तो गंभीर होऊन. मग एका मंगळवारी त्याने कोलबीची पट्टी पहिल्या ओळीतून उचलून सहाव्या ओळीत लावली आणि अहवालात लिहिलं, उजवा खांदा कच्चा.

आमचा मुख्य व्यवस्थापक डेनिस हॅलोरन आत आला. निवडीत शेवटचा शब्द त्याचा.

"काय म्हातारबा, हे काय नवीन? परवापर्यंत या पोराचे गोडवे गात होतास!"

"खांदा कच्चा आहे त्याचा."

"डॉक्टरांनी दोनदा तपासलाय. ठणठणीत आहे. कुणाला बनवतोस?"

ऑर्विलने टोपी काढून डोकं खाजवलं. "बरं बाबा, खोटं लिहिलं मी. पोरगा हिरा आहे, डेनिस. म्हणूनच सांगतो, नको घेऊस त्याला. अडवायला आहे कोण आपल्याकडे? मार खाऊन मरेल तो. दोन वर्षं पुढचे गडी घे, मग आण की क्वार्टरबॅक!"

"आणि दोन वर्षं लोकांनी काय पाहायचं? पाच लठ्ठांची ढकलाढकली?"

खोलीतल्या बाकीच्या पारख्यांत हशा पिकला.

"अरे, मी त्याच्या आईला शब्द दिलाय, की..."

"पुरे! एप्रिलमध्ये सख्खी आईसुद्धा खरं बोलत नाही. कुठल्या संघाने नोकरी कबूल केलीय तुला, तेवढं सांग."

मित्रांनो, आमच्या धंद्यात एप्रिल हा थापांचा महिना. नको त्याची स्तुती करायची, हवा त्याला नावं ठेवायची, म्हणजे दुसरे संघ फसतात. ऑर्विलनेही तीस वर्षं हेच केलं होतं. हॅलोरनला वाटलं, म्हातारा पोराला दुसऱ्या संघासाठी लपवतोय.

निवडीच्या दिवशी आमची पाळी चौथी होती. दुसरा संघ पोराला आधी उचलेल, या धास्तीने हॅलोरनला धीर धरवेना. चौथीऐवजी दुसरी पाळी मिळवण्यासाठी त्याने पुढच्या दोन वर्षांच्या पहिल्या निवडी दुसऱ्या संघाला देऊन टाकल्या आणि कोलबीला घेतलं. त्या निवडींवरच तर पुढचे गडी यायचे होते. ऑर्विल गप्प बसला असता तर निदान त्या तरी हातात राहिल्या असत्या. मला फार वाईट वाटलं. पण फळ्याला कोण विचारतो?

पहिल्या वर्षी कोलबीला एकाहत्तर वेळा आडवा केला. दुसऱ्या वर्षी, नवव्या सामन्यात, उजवा खांदा कायमचा गेला. वय तेवीस.

हॅलोरनला काढलं. नवा साहेब संगणकाचे मोठे पडदे घेऊन आला आणि माझी रवानगी इथे झाली. ऑर्विललाही घरी जायला सांगितलं. जानेवारीत तो इथे आपले कागद खोक्यात भरत होता, तेवढ्यात कोलबी आला. उजवा हात गळ्यातल्या झोळीत.

"मिस्टर क्रॅबट्री, तुमचे आभार मानायचे राहिले होते."

"कशाचे रे?"

"मी याच संघात यावं, म्हणून माझा खांदा कच्चा लिहून तुम्ही बाकीच्या संघांना चकवलंत ना? आई गावभर सांगते. मी इतका कुणाला हवा होतो, असं आधी कधी झालं नव्हतं."

"नाही रे पोरा. तू इथे येऊ नयेस, म्हणून मी..."

कोलबी मोकळेपणी हसला. "अहो, आता जानेवारी आहे. आता तरी खरं बोला!"

त्याने डावा हात पुढे केला. ऑर्विलने तो धरला आणि कितीतरी वेळ सोडला नाही. मग कोलबीला कोट घालून दिला, कारण त्याला तो एकट्याने घालता येत नव्हता.

मित्रांनो, मला पुसा, वर न्या, असं मी मागणार नाही. माझं झालं ते झालं. पण खोटं बोलायची एवढी सवय लावून घेऊ नका, की एखाद्याला वाचवायची वेळ आली तर तुमचं 'नको' कुणाला ऐकूच येणार नाही. ऑर्विल 'नको' म्हणाला होता. मी ऐकलं होतं.