फ्यूजरमधलं लाल ग्रीस

मशीन उघडल्याशिवाय फोनवर निदान करू नये, हे लक्ष्मणराव भोसरीतल्या निम्म्या प्रिंटर-दुरुस्तीवाल्यांना शिकवत आलेले. आणि सोमवारी स्वतःच ते करून बसले. महाळुंग्याच्या कंपनीतून दिग्विजय साहेबांचा फोन आला तेव्हा ते जेवत होते.

"डिस्पॅचचा प्रिंटर बंद पडलाय. आमची इंद्रायणी अडकलेला कागद खसकन ओढते, त्यानंच गिअर गेला असणार ना?"

"असेल की," लक्ष्मणराव घास गिळत म्हणाले, आणि पुढची भाकरी मोडली. झालं! जिभेला हाड नसतं ते हे असं.

बुधवारी ते कंपनीत पोचले, तर इंद्रायणी प्रिंटरपाशीच उभी. डिस्पॅचची बिलं काढणारी, राजगुरुनगरकडची पोरगी. दोन वर्षं कॉन्ट्रॅक्टवर होती, आणि ते कॉन्ट्रॅक्ट शनिवारी संपत होतं.

"काका, साहेबांनी माझ्या फाईलीत शेरा मारलाय. निष्काळजीपणानं मशीन मोडलं म्हणून. शेरा राहिला तर पुढच्या कॉन्ट्रॅक्टची ऑर्डर न्हाई निघायची," ती म्हणाली. "मी ओढत न्हाई हो कागद. मागचं झाकण उघडूनच काढते. तुम्ही बघा आणि खरं काय ते साहेबांना सांगा."

"बघतो ना," लक्ष्मणराव म्हणाले. फोनचं काही बोलले नाहीत.

त्यांनी फ्यूजर बाहेर काढला. कागदावरची पावडर तापवून पक्की बसवतो तो भाग. त्याला फिरवणारा प्लॅस्टिकचा गिअर हातात घेतला आणि उजेडात धरला. कागद ओढून मोडला असता तर एखाद-दुसरा दात तुटला असता. इथं सगळेच दात झिजून गोल झालेले, आणि खाचांमध्ये ग्रीस बसलेलं. तापून काळं, चिकट. कडेला मात्र अजून लाल.

फ्यूजरला लाल ग्रीस कुणी लावतं का? लक्ष्मणरावांनी लावलं होतं. पाच महिन्यांपूर्वी उष्णतेला टिकणाऱ्या ग्रीसची डबी संपली होती, म्हणून शेजारच्या मोटरसायकल गॅरेजातून बोटभर आणलं होतं. एवढ्याशानं काय होतंय, असं म्हणाले होते तेव्हा. हे झालं! त्या ग्रीसनं प्लॅस्टिक खाल्लं, आणि चोर सोडून संन्याशाला फाशी.

आता अशा वेळी माणूस थांबतोच. लक्ष्मणरावही थांबले. कंपनीतले अकराच्या अकरा प्रिंटर त्यांच्याकडे होते, बावीस वर्षांत नावाला बट्टा नव्हता. चिंधीनं दात पुसून टाकले असते तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. एक दात त्यांनी पुसलाही. मग त्यांची त्यांनाच लाज वाटली. चिंधी ठेवली, आणि गिअर घेऊन ते साहेबांच्या केबिनमध्ये गेले.

सगळं ऐकून दिग्विजय साहेब हसले. "काय राव लक्ष्मणराव! पोरीला वाचवायला स्वतःवर घेताय? तुमच्यासारखा माणूस असली चूक करेल होय?"

"साहेब, खरंच माझी आहे."

"बरं, तुमच्या शब्दाखातर या वेळी माफ केलं तिला. शेरा राहील, पण शनिवारचं मी बघतो. खूश?"

"तिनं काही केलंच नाही, तर माफ काय करताय?"

पण साहेब मीटिंगला निघाले होते. चांगल्या नावाचा असाही ताप असतो बघा. खरं बोललं तरी लोक त्याला मोठेपणा म्हणतात.

इंद्रायणीनं दाराबाहेरून सगळं ऐकलं होतं. लक्ष्मणराव बाहेर येताच ती वाकून त्यांच्या पाया पडली. त्यांनी चटका बसल्यागत पाय मागे घेतले. "अगं ऊठ! चूक माझीच आहे."

"व्हय काका, तुमचीच," ती डोळे पुसत हसली. तिलाही खरं वाटलं नव्हतं.

लक्ष्मणरावांनी नवा गिअर बसवला, योग्य ते ग्रीस लावलं. पहिलं पान स्वच्छ आलं. मग त्यांनी सर्व्हिस रिपोर्ट काढला आणि ठळक अक्षरात लिहिलं: मेकॅनिकनं चुकीचं ग्रीस लावल्यानं गिअर झिजला, वापरणाऱ्याचा दोष नाही. खाली स्वतःची सही केली, आणि कंपनीच्या सहीसाठी कागद तिच्यापुढे सरकवला.

तिनं वाचलं. हसू हळूहळू मावळलं.

"म्हणजे खरंच?"

"खरंच."

"आणि साहेब म्हणत होते, मेकॅनिकनंच फोनवर सांगितलं पोरीनं मोडलं म्हणून. ते?"

"ते पण मीच. जेवत होतो गं तेव्हा," लक्ष्मणराव म्हणाले, आणि असलं कारण तोंडातून गेल्याबद्दल त्यांना स्वतःची चीड आली.

इंद्रायणीनं सही केली नाही. साहेब मीटिंगमधून परत येईपर्यंत ती रिपोर्ट हातात धरून उभी राहिली. साहेब केबिनमध्ये बसल्यावर तिनं प्रिंटरशेजारी ठेवलेला झिजलेला गिअर उचलला, दार उघडलं आणि ते लक्ष्मणरावांसाठी धरून ठेवलं. सगळं ऑफिस बघत होतं. लक्ष्मणराव उठले आणि खाली मान घालून तिच्या मागे आत गेले.

"साहेब," ती म्हणाली, "हा कागद मोठ्यानं वाचा. मेकॅनिक समोर उभा हाय."