सागवानी जमिनीवरचा दीड हात लांब मी

मी एक जुना ओरखडा आहे. तसा फार जुना नाही, गेल्या दिवाळीच्या आधीचाच. पण आत्मवृत्त सांगणाऱ्याने जुनं असावं अशी रीत दिसते. फाटकी छत्री सांगते, मोडकं घड्याळ सांगतं, "मी परवाच दुकानातून आलो" असं कोणी सांगत नाही. म्हणून मीही जुना.

मित्रांनो, ओरखडा ही वस्तू नव्हे, असं काही लोकांचं म्हणणं आहे. ते बरोबर आहे. मी म्हणजे वस्तूत कमी पडलेला भाग. मी जन्मलो तेव्हा घरातलं लाकूड तेवढं घटलं. तरी मला मन आहे. ते कुठे ठेवलंय ते विचारू नका, जागेची अडचण आहे.

शनिवार पेठेतल्या एका इमारतीत चौथ्या मजल्यावर, हॉलमध्ये, बाल्कनीच्या दारापासून आत दीड हात असा माझा पत्ता. जमीन खऱ्या सागवानाची. शेफालीताईंनी ती मोठ्या हौसेने करून घेतली. त्या फिजिओथेरपिस्ट आहेत. पेठेतले निम्मे गुडघे त्यांना नावाने ओळखतात. "जड वस्तू एकट्याने उचलायची नाही," हे वाक्य त्या क्लिनिकमध्ये दिवसभर म्हणतात आणि सवयीने घरी येऊन भाजीच्या पिशवीलाही म्हणतात.

त्यांचे यजमान पृथ्वीराज घरूनच काम करतात. ते कॉलवर असतात. माझ्या माहितीप्रमाणे माझ्या जन्मापासून तो एकच कॉल चालू आहे. त्यांनी दाराजवळ एक पाटी लावली आहे: "जमीन लाकडी आहे. जपून चालावे. तरंगता येत असल्यास उत्तम."

अशा या घरात लोणी काळभोरहून पृथ्वीराजांचे वडील आले. गेनबा त्यांचं नाव, घरात सगळे आप्पा म्हणतात. लोणीच्या घरात ते एकटेच उरले होते, म्हणून "आता कायमचे इकडेच राहा" असा दोघांचा आग्रह. आप्पा म्हणाले, "आठ दिस बघतो." शेफालीताईंनी कपाटातला एक कप्पा रिकामा करून दिला. आप्पांनी तो रिकामाच ठेवला. पिशवी दाराजवळ. धोतर पिशवीतून काढायचं, वाळलं की घडी घालून पुन्हा पिशवीत. कप्प्यात कपडे गेले की माणूस राहायला आला, आणि पिशवीत आहेत तोवर पाहुणा, असं त्यांच्या मनात पक्कं होतं. आणि पाहुण्याने घरातलं काही मोडू नये, सांडू नये, कुणाला हाक मारून कामातून उठवू नये, हेही. ते त्या जमिनीवरून इतके हलके चालत, की पाटी वाचून खरंच तरंगायचा सराव करताहेत असं वाटावं.

आता माझा जन्म ऐका.

एकदा जेवताना शेफालीताई सहज म्हणाल्या होत्या, "मिक्सरच्या चटणीला लोणीच्या चटणीची सर नाही." बोलून त्या विसरल्या. आप्पा विसरले नाहीत. एका शनिवारी सकाळी कुणाला न सांगता ते लोणीला गेले आणि दुपारी घरचा दगडी पाटा-वरवंटा रिक्षात घालून परतले. सूनबाई संध्याकाळी येईपर्यंत पाटा बाल्कनीत मांडून ठेवायचा, असा बेत. वॉचमन सर्जेरावांनी लिफ्टमधून दारापर्यंत हात लावला.

"आत ठेवून देऊ का, आप्पा?"

"नगं. हितनं म्होरं माझं मी बघतो. तुमचं गेट राखा, कुनी पळवंल."

सर्जेराव गेले. पाटा दारात, बाल्कनी समोर, मध्ये हॉलभर सागवान. आप्पांनी आतल्या खोलीकडे बघून हळूच हाक मारली, "पृथ्वी..."

"आप्पा, कॉलवर आहे!"

"न्हाई न्हाई, काय न्हाई," आप्पा म्हणाले.

दुसरी हाक त्यांनी मारली नाही. जड काही उचलायचं नाही, असं सूनबाईंनी बजावलं होतं. ओढायचं नाही असं कोणी म्हणालं नव्हतं. त्यांनी पाट्याखाली गोणपाट घातलं आणि ओढला. अर्ध्या वाटेपर्यंत सगळं झकास. बाल्कनीपासून तीन हातांवर गोणपाट मागे राहिलं, पाटा पुढे गेला, आणि कर्रर्र असा आवाज झाला. तो मी.

आप्पा माझ्याकडे बघत राहिले. जन्मल्याबरोबर ज्याच्याकडे इतक्या दुःखाने पाहिलं गेलं, असा मीच असेन.

"आता रं गेनबा," ते स्वतःला म्हणाले. "सुनंची जमीन नांगरलीस."

मग त्यांनी पाटा कसाबसा बाल्कनीत सारून त्यावर गोणपाट झाकलं. शेफालीताई यायला बराच वेळ होता. आप्पांनी मनाशी ठरवलं. तोवर हा गडी गेला तर ठीक, नाहीतर सकाळी पिशवी उचलायची आणि लोणीला जायला सोलापूर रस्त्याला लागायचं. मित्रांनो, मी गेलो तर आप्पा राहणार होते आणि मी राहिलो तर ते जाणार होते. इतक्या लहान वयात एवढी जबाबदारी कुणावर येऊ नये.

आप्पांनी फोन तोंडासमोर धरला आणि पलीकडच्या रानातल्या माणसाला ओरडावं तसे ओरडले, "फळीवरचा वरखडा कसा घालवावा?" फोनमधली बाई शांतपणे म्हणाली, अक्रोडाचा गर ओरखड्यावर चोळावा, त्यातल्या तेलाने खूण दिसेनाशी होते.

आप्पांनी फडताळातून अक्रोडाचा डबा काढला. आत शेफालीताईंचे भिजवायचे अक्रोड. त्यांनी ते बघितले, मला बघितलं. "माणसाला दोन मिळत्यात, आन फळीला वाटीभर?" डबा जागेवर गेला आणि शेंगदाण्यांचा बाहेर आला. तेल ते तेल, दाणा तो दाणा.

खरं सांगतो, चोळलेले शेंगदाणे मला आवडले. पण जरा वेळाने मुंग्याही आल्या. त्या माझ्यातून रांगेने निघाल्या, मी एकेरी मार्ग असूनही दोन्ही बाजूंनी. पुण्याच्याच मुंग्या त्या.

मुंग्यांना आपल्याकडे औषध एकच. आप्पांनी हळदीचा डबा आणला. मुंग्या गेल्या, मी मात्र तेलात भिजलेला असल्याने पिवळाधमक झालो. आता मी शनिवारवाड्यावरूनही दिसलो असतो. पिवळेपणा दबावा म्हणून मग चहाचा चोथा आला. तासाभरात मला दाणे खाऊ घातले, हळद लावली, चहा पाजला. फक्त अक्षता तेवढ्या राहिल्या. जगात इतका पाहुणचार होऊन ज्याला हाकलायचं होतं असा पाहुणा विरळा.

सहा वाजत आले. आता एकच उपाय उरला, झाकणं. हॉलच्या दुसऱ्या बाजूला शेफालीताईंचा लाल गालिचा होता. हॉलला उठाव येतो म्हणून त्यांनी टाकलेला. तो कुणी हलवत नसे. त्याखालचा केरसुद्धा "तिथलं मी बघते" म्हणून त्याच काढत. आप्पांनी गालिच्याची दोन टोकं धरली आणि तो माझ्याकडे ओढला.

गालिच्याखाली आणखी एक ओरखडा होता.

माझ्याहून लांब. आत खडूचा विटकरी रंग भरलेला, तोही सगळीकडे सारखा नाही. मित्रांनो, मला वाटत होतं मी जगात एकटा आहे. मला थोरला भाऊ होता! आम्ही एकमेकांकडे पाहिलं. दोघेही भरून आलो असतो, पण भरून येणं हे आमच्यासाठी वेगळंच प्रकरण असतं.

आप्पांना यातला आनंद दिसला नाही. त्यांना घाम फुटला. "आन ह्यो कवा पाडला मी?" ते पुटपुटले. पाटा तर त्या बाजूला गेलाच नव्हता. मग चालून पडला की काय? टाचेच्या भेगांनी? त्यांनी पाय उचलून आपली टाच तपासली. मग दोघांच्या मधोमध गालिचा टाकून बघितला. पुरेना. थोरला झाकला की मी उघडा, मी झाकला की थोरला. शेवटी त्यांनी मला गालिच्याखाली घेतलं, थोरल्यावर स्वतः मांडी घालून बसले, आणि दारात किल्ली वाजली.

शेफालीताई आत आल्या. त्यांनी आधी सरकलेला गालिचा पाहिला. मग आप्पा कुठे बसलेत ते पाहिलं. त्यांच्या हातातली पिशवी तिथेच खाली आली.

"आप्पा," त्या एकदम म्हणाल्या, "मी सांगणार होते."

"न्हाई, चूक माझी हाय."

"तुमची कशी? मी एकटीने कपाट ओढलं ना!"

"म्या पाटा ओढला."

"कुठला पाटा?"

"कंचं कपाट?"

 मग आप्पा हळूहळू उठले. थोरला उघडा पडला. शेफालीताईंनी गालिच्याचं टोक उचललं. मी उघडा पडलो, पिवळा, चहाळलेला, अंगाला दाण्याचं कूट लागलेला.

"हे... याला हळद का लावलीय?"

"मुंग्या लागल्या म्हून."

"मुंग्या का लागल्या?"

"दाणं लावलं म्हून."

"आणि दाणे?"

"अक्रोड महाग हायती."

शेफालीताईंनी तोंडावर हात धरला. त्या रागावल्या असं वाटून आप्पांची नजर दाराजवळच्या पिशवीकडे गेली. पण त्या हसू दाबत होत्या, आणि ते त्यांना जमलं नाही. हसत हसत त्या जमिनीवरच बसल्या आणि थोरल्यावरून बोट फिरवत सांगू लागल्या. नवीन जमिनीला आठवडाच झाला होता. पृथ्वीराज कॉलवर. दिवसभर लोकांना "एकट्याने उचलू नका" सांगणाऱ्या बाईने घरी येऊन एकटीने कपाट ओढलं. "मीच आग्रहाने लाकडी जमीन करून घेतली, आप्पा. मीच खराब केली हे कुणाला सांगू? म्हणून खडू भरला आणि गालिचा टाकला. तुम्ही आल्यापासून धास्ती होती. म्हटलं, आप्पा म्हणतील, शहरातल्या पोरींना वस्तू सांभाळता येत नाहीत."

"आन मी म्हटलं, तू म्हनशील, गावच्या मानसाला घरात घेतलं आन जमीन गेली." आप्पांनी नाक ओढलं. "सकाळच्याला निघनार होतो."

"एका रेघेसाठी?"

"पोरी, शेतात बांध एक रेघ सरकला तरी मानसं कोर्टात जात्यात."

इतक्यात आतलं दार उघडून पृथ्वीराजांनी डोकं बाहेर काढलं. कानात हेडफोन. "काय झालं?"

"काही नाही," शेफालीताई म्हणाल्या.

"काय न्हाई," आप्पा म्हणाले. गालिचा दोघांनी मिळून, एकाच झटक्यात माझ्यावर टाकला होता, आणि थोरल्यावर शेफालीताई सरकून बसल्या होत्या. डोकं आत गेलं. मला वाटतं, आप्पा त्या घरात राहायला आले ते त्या क्षणी.

पुढे आठवडाभर मी उघडपणे नांदलो. पाटा ओट्याजवळ गेला, चटणी वाटली गेली, ती चाखायला समोरच्या सलीमाभाभी आल्या. मला बघून म्हणाल्या, "हे मुद्दाम काढून घेतलंय का? छान आहे, हळदीची शेड तर भारीच." आयुष्यात मिळालेली माझी ही एकमेव स्तुती. ती मी जपून ठेवली आहे, म्हणजे होती तेवढ्या जागेत.

मग रविवार आला. शेफालीताईंनी लाकडातले ओरखडे भरायच्या रंगीत मेणाच्या कांड्या आणल्या होत्या. थोरल्यातला खडू काडीने कोरून काढला, मला कोरड्या फडक्याने पुसलं. माझ्या कडेची कुसळं बारीक पॉलिश पेपरने घासली, लाकडाच्या रेषा जातात त्याच दिशेने, आडवं नाही. रंगावरून वाद झाला.

"ही बरोबर आहे, आप्पा."

"ही गुळाची. तुझी जमीन चिंचंच्या रंगाची हाय. दोन्ही कालव."

दोन्ही कालवल्या. कोमट मेण माझ्यात उतरलं, वरचं जास्तीचं जुन्या एटीएम कार्डाने खरवडून काढलं, मऊ फडकं फिरलं. मला वाटलं, संपलो. डोळे मिटून घेतले. उघडले तर मी होतो तिथेच होतो, फक्त भरलेला. आता पाहुण्यांना मी दिसत नाही. आप्पा मात्र सकाळी चहा घेऊन बाल्कनीत जाताना अंगठ्याने मला बरोबर चाचपतात. थोरल्यावर गालिचा नाही. उठाव तसाही येतो.

पिशवी माळ्यावर गेली. कप्प्यात धोतरं आहेत.

मित्रांनो, शेवटी उपदेश करायची पद्धत आहे, म्हणून करतो. जमिनीवर ओला पोछा सोडू नका, खुर्च्यांच्या पायांना कापडाच्या टिकल्या लावा, आणि शेंगदाणे खा. पण माझं खरं मागणं वेगळं आहे. परवा आप्पांना आपली खाट खिडकीजवळ घ्यायची होती. त्यांनी खाटेला हात लावला, थांबले, आणि भर हॉलमध्ये उभं राहून ओरडले, "ए पृथ्वी! सूनबाई! धरा रं तिकडनं!"

"आप्पा, कॉलवर..."

"असू दे. त्यास्नी बी बोलाव!"

दोघंही आले. पृथ्वीराजांचे हेडफोन गळ्यात होते. "गुडघे वाकवा, पाठ सरळ," शेफालीताई म्हणाल्या. "गुडघं वाकत असतं तर तुमास्नी कशाला बोलावलं असतं?" आप्पा म्हणाले. खाट उचलली गेली आणि माझ्यावरून हवेतून गेली. पाटीवर लिहिलं होतं तशी, तरंगत.

मला धाकटं भावंड झालं नाही. थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण तुमच्याही घरात कोणी ना कोणी असतंच. ओढायच्या आधी एकदा हाक मारा. पहिल्या हाकेला "कॉलवर आहे" असं उत्तर आलं, तर दुसरी मारा.