टायपिंग सेक्शनची बोटं

पत्नी वसुंधराबाई गेल्या तेव्हापासून विजयकुमार वैरागडे सगळ्यालाच हो म्हणत होते. भाजीवाल्याने न विचारता मेथीची जास्तीची जुडी पिशवीत टाकली, हो. महाराष्ट्र मंडळाच्या सेक्रेटरींनी हॉलमध्ये बाईंचा फोटो लावू का विचारलं, हो. मुलगी अनुजा हैदराबादहून फोन करून "बाबा, जेवले का?" म्हणाली की हो, आणि जेवले होते की नव्हते हे त्यांचं त्यांनाही धड सांगता आलं नसतं. माणसं येत, पाठीवर हात ठेवत, "एकदा मोकळं रडून घ्या" असा फुकटचा सल्ला देत आणि चहा पिऊन जात. रडणं म्हणजे काय लाइटचं बिल, की उठले आणि भरून आले? शुगरमुळे त्यांची बोटं गेली काही वर्षं बधिर होती, पण त्यांना निदान मधूनमधून मुंग्या तरी यायच्या. मनाला तेवढंही होत नव्हतं.

एकाच गोष्टीची मात्र त्यांना भीती वाटत होती, आणि ती त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. वसुंधराबाईंचा आवाज त्यांना आठवेनासा झाला होता. चेहरा आठवे, चष्मा कपाळावर सरकवून पोळ्या लाटण्याची ढब आठवे, पायातल्या चपलांची चाल आठवे. आवाज येत नसे. स्वयंपाकघरात उभं राहून ते मनाशी "अहो" म्हणून पाहत, म्हणजे बाई म्हणायच्या तसं, आणि ऐकू येई ते त्यांच्याच घोगऱ्या आवाजात. चाळीसहून जास्त वर्षं एका घरात राहिलेल्या नवरा-बायकोने एकमेकांना व्हॉइस मेसेज कशाला पाठवायचे? हाक मारली की झालं. त्यामुळे फोनमध्ये बाईंचं एक अक्षर नव्हतं.

आवाज होता तो लॅपटॉपमध्ये. मागच्या कोजागिरीला बाईंनी भुलाबाईचं एक गाणं रेकॉर्ड केलं होतं, नातीला शिकवायला. अनुजाला फोनवर म्हणाल्या होत्या, "रेकॉर्ड त झालं, पाठवाचं कसं थे तुह्या बाबाले विचारतो." विचारायचं राहून गेलं. मग दवाखाना सुरू झाला, मग तोही संपला. आणि तेराव्याच्या गर्दीत कुणाच्या तरी हातून चहाचा भरलेला कप लॅपटॉपवर लवंडला.

लॅपटॉप सुरू होत होता. पडदा उजळायचा, 'वसुंधरा' असं नाव यायचं आणि खाली पासवर्डची रिकामी चौकट. पण की-बोर्ड मेला होता. अर्धी बटणं दाबली जात नव्हती आणि जी दाबली जात होती ती एकाला दोन अक्षरं उमटवत होती. नेहरू नगरच्या दुरुस्तीवाल्या मोनूने उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाला, की-बोर्ड बदलायचा तर पार्ट मिळत नाही, मॉडेल जुनं आहे. डिस्क काढून दुसरीकडे जोडावी तर तिलाही पासवर्डचं कुलूप आहे. सोमवारी आणून द्या, सगळं पुसून नवं टाकून देतो, विकून तरी टाकाल. विजयकुमार म्हणाले, हो.

हे वरच्या मजल्यावरच्या रेणूला जिन्यात कळलं. रेणू त्यांची भाडेकरू, भंडाऱ्याकडची, हथखोजच्या एका कारखान्यात हिशेब पाहायची. तोंडाने फटकळ. रविवारी सकाळी ती थेट त्यांच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली, बगलेत एक खोकं.

"काकाजी, मोनूले कावून देता? की-बोर्ड खराब आहे न, दिमाग तो सही है उसका. बाहेरून दुसरा लावून पाहू."

"असा लागते?"

"न लागाले काय झालं? हा माहा घ्या. मेकॅनिकल आहे. आवाज इतका करते का ऑफिसमधी सारे बोंबलून राहिले होते, म्हणून घरी आणला."

खोक्यातून निघालेला की-बोर्ड चांगला दणकट होता, हातात घेतला तर एखाद्या पाटासारखा जड. रेणूने त्याची वायर सोडवली आणि लॅपटॉपच्या डाव्या बाजूला खोचली. काही झालं नाही. "इथंबी चहा गेला वाटते," ती म्हणाली आणि उजव्या बाजूला गेली. तिथल्या खाचेत धूळ होती. तिने तोंडाने फुंकर मारली, पदराच्या टोकाने पुसलं, वायर उलटी-सुलटी करून पाहिली, कारण ती एका बाजूने कधीच पहिल्या झटक्यात बसत नाही, आणि मग टक् करून आत ढकलली. की-बोर्डवर निळे, हिरवे, गुलाबी दिवे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पळाले. गणपतीच्या मंडपातली लायटिंग जशी. विजयकुमार त्याकडे पाहत राहिले. आनंद व्हायला हवा होता, असं त्यांना वाटलं, आणि तेवढंच वाटलं.

"सांगा पासवर्ड."

"हुडको. आन् पुढं आमच्या लग्नाचं साल, एकोणीसशे एक्याऐंशी. जोडून. इंग्रजीत, सारे अक्षर लहान."

हे बाईंनी त्यांना दहा वेळा सांगितलं होतं, दवाखान्यात नेतानासुद्धा. स्टील प्लांटचं क्वार्टर सोडून हुडको कॉलनीत स्वतःचं घर झालं याचं बाईंना फार कौतुक. लग्न आणि घर, दोन्ही एकाच पासवर्डात.

रेणूने टाइप केलं. चूक, असं पडदा म्हणाला. तिने कॅप्सचं बटण तपासलं, पुन्हा केलं. चूक. आकडे उजवीकडच्या वेगळ्या पट्टीवरून घेऊन पाहिले. चूक. पहिलं अक्षर मोठं, मध्ये जागा सोडून, साल नुसतंच एक्याऐंशी. चूक, चूक, चूक. की-बोर्ड खटाखट वाजत होता आणि रेणूच्या भुवया जवळ येत चालल्या होत्या.

"काकाजी, साल पक्कं आहे न?"

"माह्यंच लगन होतं न बाई. मी हजर होतो."

रेणू हसली. विजयकुमार हसले नाहीत, पण आपण गंमत केली हे त्यांच्या उशिरा लक्षात आलं. बऱ्याच दिवसांत तसं झालं नव्हतं.

शेवटी पडदाच कंटाळला आणि म्हणाला, थोड्या वेळाने प्रयत्न करा. रेणूने हात झटकले. "बदलला असन काकूनं मधीच. आता काय सांगता येते? मी कुकर लावून येतो. नाही झालं त देऊन टाका मग उद्या मोनूले."

"हो," विजयकुमार म्हणाले.

ती वर गेली. घरात कुणी नव्हतं. उद्या मोनू सगळं पुसणार, म्हणजे ते गाणंही पुसणार, म्हणजे तो आवाज पुन्हा कधीच कुठून येणार नाही, हे त्यांना एखाद्या सर्क्युलरमध्ये वाचावं तसं स्वच्छ कळत होतं. छातीत मात्र काहीही हललं नाही. आपण माणूस आहोत की फायलींचं कपाट, असा प्रश्न त्यांना पडला. उत्तर शोधायचाही कंटाळा आला.

बसल्या बसल्या त्यांनी एक बटण दाबलं. कट्, असा आवाज आला. बोटाला स्पर्श नेहमीसारखाच अर्धामुर्धा कळला, पण कानाला कळलं की बटण पूर्ण खाली गेलं. लॅपटॉपच्या चपट्या बटणांवर त्यांना हे कधी कळायचं नाही. दाबलं की नुसता हात ठेवला, याचा पत्ता नसे. त्यांनी आणखी एक दाबलं. मग खुर्ची पुढे ओढली, पाठ सरळ केली आणि दोन्ही हातांची बोटं मधल्या ओळीवर ठेवली.

विजयकुमार प्लांटच्या टायपिंग सेक्शनला लागले तेव्हा तिथे लांबलचक हॉलमध्ये टाइपरायटरच्या रांगा होत्या. वसुंधराबाई पुढच्या रांगेत. त्यांचा स्पीड विजयकुमारांपेक्षा जास्त होता आणि ही गोष्ट लग्न ठरेपर्यंत त्यांना झोंबत असे, लग्न ठरल्यावर ते तीच गोष्ट मिरवून सांगू लागले. की-बोर्डकडे पाहायचं नाही, हा सेक्शनचा पहिला धडा. पाहिलं की हेडक्लार्क मागून बटणांवर रुमाल टाकायचे. पुढे कॉम्प्युटर आले, हॉल रिकामा झाला, दोघं दोन वेगळ्या डिपार्टमेंटला गेले. पण दोघंही टायपिंग नव्याने शिकले नाहीत. कशाला शिकायचं, येतच होतं.

आता ते तसेच न पाहता वाजवत राहिले. पडदा काही घेत नव्हता, तरी बोटं जुन्या ऑफिस लेटरचा मायना मारत होती. तारीख, संदर्भ, महोदय. कटकट कटकट, आणि ओळ संपली की डावा हात आपोआप वर उचलला जायचा, टाइपरायटरचा दांडा ढकलायला, आणि हवेतून रिकामा परत यायचा. मग पासवर्डची चौकट पुन्हा उघडली. त्यांनी थांबून विचार केला नाही. हुडको, एकोणीसशे एक्याऐंशी, एंटर. चौकटीत काळे ठिपके उमटले, गोल फिरणारी चकती आली आणि पडद्यावर अनुजाच्या मुलीचा दात पडलेला फोटो उघडला.

ते हातांकडे पाहत राहिले. रेणूने हेच तर केलं होतं. मग त्यांनी हवेत बोटं हलवून सावकाश पुन्हा करून पाहिलं आणि एकच्या आकड्याला उजव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट कुठे जातं ते पाहिलं. ते वर आकड्यांच्या ओळीत गेलंच नव्हतं. ते जागेवरच होतं, लहान एलवर.

सेक्शनच्या त्या टाइपरायटरवर एकचा आकडाच नव्हता. आकडे दोनपासून सुरू व्हायचे. एक हवा असेल तर लहान एल मारायचा, कागदावर दोन्ही सारखेच दिसायचे, आणि हजारो पत्रांवरच्या तारखा सगळ्यांनी अशाच मारल्या. बाईंनी पासवर्ड ठेवताना एकोणीसशे एक्याऐंशी असाच मारला असणार, दोन्ही एकांच्या जागी एल. ठिपक्यांच्या आड त्यांनाही कधी कळलं नाही. तोंडाने मात्र जगाला साल सांगत राहिल्या. ही चूक त्या हॉलमध्ये बसलेल्या माणसांखेरीज कुणी केली नसती आणि त्यांच्याखेरीज कुणाला सापडलीही नसती. हे कुणाला तरी सांगावं म्हणून विजयकुमारांनी तोंड उघडलं, आणि ज्या माणसाला सांगण्यात मजा होती तेच घरात नव्हतं.

'भुलाबाई' नावाची फाईल समोरच होती. त्यांनी ती उघडली.

आधी बराच वेळ खुडबुड. मग गाणं सुरू झालं. आवाज त्यांना वाटला होता त्याहून बारीक होता आणि वरच्या पट्टीत थोडा चिरकत होता. सासर-माहेरचं तेच लांबत जाणारं गाणं, टाळीचा ठेका चुकला की बाई स्वतःशीच हसून पुन्हा मागून उचलत. बाईंचाच आवाज होता, शंकाच नको. विजयकुमारांनी वाट पाहिली. काही झालं नाही. चला, मिळाला, असं त्यांनी मनाशी म्हटलं, अनुजाला पाठवू, मोनूला नको म्हणून सांगू. गाणं संपलं.

"झालं," बाई म्हणाल्या. "आता हे बंद कसं करतेत बाप्पा?"

बटणं दाबल्याचे दोन-तीन आवाज आले. ते बंद झालं नाही. खुर्ची सरकली, चपला वाजत आत गेल्या. विजयकुमारांनी फाईलची लांबी पाहिली. गाणं एवढंसं होतं आणि फाईल पार दुपारभराची. बाईंना ती तेव्हा बंद करता आलीच नव्हती. ती चालूच राहिली होती, घरात.

नळ सुटला. भांडं आपटलं. बाहेरच्या खोलीत टीव्हीवर बातम्या लागल्या होत्या, म्हणजे तिथे सोफ्यावर ते स्वतःच बसले असणार. कुकरची शिट्टी झाली. बाई आतूनच गाण्याची तीच ओळ गुणगुणत होत्या आणि मग मध्येच थांबून त्यांनी हाक मारली.

"अहो!"

विजयकुमारांचा हात टेबलावरच थांबला.

"अहो, ऐकून राहिले का?"

बातम्या चालू होत्या. चपला वाजत जवळ आल्या, लॅपटॉपच्या शेजारी थांबल्या. बाई पुन्हा बोलल्या तेव्हा आवाज हळू होता, आणि त्यात राग नव्हता, नवलही नव्हतं.

"नाही ऐकून राहिले," त्या म्हणाल्या.

"ऐकून राहिलो," विजयकुमार म्हणाले. ते उठून उभे राहिले होते. "ऐकून राहिलो न, वसू. बोल न."

चपला परत आत निघाल्या. आतून बाई काहीतरी बोलत होत्या, लांबलचक, आणि बातमीदाराच्या ओरडण्यात त्यातला शब्दही लागत नव्हता. विजयकुमारांना डोळ्यांतल्या पाण्याने समोरचं नीट दिसेना. त्यांनी चाचपडत सोफ्यावरचा रिमोट उचलला, बंद असलेल्या काळ्या टीव्हीसमोर धरला आणि आवाज कमी करायचं बटण दाबलं. मग पुन्हा दाबलं, आणि दाबतच राहिले.