भोंग्यावरून गेलेलं नाव

बाबांनी आपलं नाव स्वतःहून दिलं होतं, हे आधीच सांगून टाकते. लोक अजूनही त्या सिनेमावाल्याच्या नावाने बोटं मोडतात.

सिनेमावाला म्हणजे गिलांग. एक कॅमेरा, चार पोरं आणि लाल सरबताच्या बाटल्यांची खोकी घेऊन तो योग्यकर्ता शहरातून आमच्या गावात आला. गावात साथ येते, माणसं पटापट मरतात आणि उठून शेजाऱ्यांना चावत सुटतात, अशी त्याची गोष्ट. नट आणायची ऐपत नव्हती, म्हणून मढी आम्हीच. अंगावर सरबताचं रक्त ओतून घ्यायचं, उन्हात पडायचं, मुंग्या चावल्या तरी हूं की चूं करायचं नाही. त्याबद्दल दुपारी केळीच्या पानात बांधलेला भात.

एका प्रसंगात मशिदीच्या भोंग्यावरून मेलेल्यांची नावं सांगायची होती. मशिदीचं सगळं बघणारे साबर काका आधी नाहीच म्हणाले. मग "नुसती नावं वाचीन, देवाचे शब्द उच्चारणार नाही," या अटीवर कबूल झाले. गिलांगला निदान एक तरी नाव गावातलं हवं होतं. सगळे एकमेकांची तोंडं बघायला लागले.

"माझं घाला," बाबा म्हणाले. "वागिमान. नाव वाचल्याने मरायला मी काय चिमणीचं पिल्लू आहे?"

"नको ते धाडस कशाला?" आई म्हणाली.

"तू गप गं. सिनेमात मेलं की आयुष्य वाढतं."

सगळे हसले. मीही हसले.

पण साबर काकांचं आयुष्य त्या भोंग्यापुढे गेलेलं. माइक हातात आला आणि मयताची बातमी देताना म्हणायचं 'इन्नालिल्लाही' त्यांच्या तोंडून आपसूक निघून गेलं. त्यामागोमाग बाबांचं नाव. पुढची नावं वाचायची सोडून ते जीभ चावून उभे राहिले. आमच्या गावाला चित्रीकरण माहीत होतं. नदीपलीकडच्या वाडीला कुठलं माहीत असणार? आमच्याकडे ती घोषणा ऐकली की बोलावण्याची वाट कुणी बघत नाही. बायका तांदळाची पाटी उचलतात, पुरुष कुदळ.

थोड्याच वेळात पुलावरून बायका रडत आल्या. बाबा ओट्यावर कॉफी पीत बसले होते.

"मेला नाहीस तर तसं सांगायचं तरी!" पाइनेम मावशी ओरडल्या. "चूल विझवून धावत आले मी!"

"मग घेऊन जा तुझे तांदूळ."

"मयताच्या घरी दिलेले तांदूळ परत नेतात का कुणी? राहू देत. कधीतरी लागतीलच."

हसून हसून आमची पुरेवाट झाली. मग मावशींनी एकदम कपाळावर हात मारला. त्यांचा भाचा मलेशियात ताडाच्या मळ्यात आहे, आमच्या तेगुहदादाबरोबर. येताना वाटेतच त्यांनी त्याला फोन केला होता.

दादा आणि बाबा कित्येक वर्षं बोलत नव्हते. मलेशियाला नेणाऱ्या एजंटला द्यायला दादाने घरची गाय विकली आणि बाबांनी त्याचे कपडे दाराबाहेर फेकले. तेव्हापासून दादा आईला फोन करायचा, आणि बाबांनी उचलला तर कापायचा. तरी आई बोलत असली की बाबा जवळच कोयत्याला धार लावत बसायचे. धार कसली, कान तिकडे. दादाने आपल्याशी एक शब्द बोलावा, एवढंच त्यांना हवं होतं, पण कबूल करतील तर ते बाबा कसले.

दादाला खरं सांगायला मी फोन हातात घेतला आणि तोच वाजला.

"लास्मी," दादा हुंदके देत होता, आम्हा सगळ्यांना ऐकू येईल इतक्या मोठ्याने. "बाबांना आंघोळ घातली का?"

"दादा, अरे ऐक..."

"माझ्यासाठी थांबू नका. माझ्याकडे कागद नाहीत, मळ्याबाहेर पडलो की पकडतील. फोन त्यांच्या कानाशी धर. मला माफी मागायचीय."

लांबचे लोक आमच्याकडे अशीच माफी मागतात. बाबा जिवंत आहेत रे, असं मी म्हणणार तेवढ्यात बाबांनी हात वर केला. ते आत जाऊन चटईवर आडवे झाले आणि त्यांनी डोळे मिटले. गिलांग कॅमेरा घेऊन दारात आला. मी असं बघितलं त्याच्याकडे की त्याने तो खाली ठेवला.

मी फोन बाबांच्या कानाला लावला.

"बाबा, गाय विकली, चुकलो. तुम्ही कपडे फेकलेत ना, त्यात तुमची एक लुंगी आली होती. मुद्दाम परत केली नाही. अजून तीच नेसून नमाज पढतो. बाबा, माफ करा मला."

बाबांचे ओठ हलले.

"मुकादमाचा फोन आहे, द्यायला लागतोय," दादा म्हणाला, आणि फोन बंद झाला.

मी तोच नंबर लावायला गेले तर बाबांनी उठून फोन हिसकावून घेतला.

"बाबा, तो तिकडे रडतोय! द्या तो इकडे!"

"जळलं मेलं तुमचं शहाणपण!" आईला तर रडू आवरेना. "पोराला कळू दे की तुम्ही आहात!"

"कळून काय करेल? यायला तर जमणारच नाही त्याला." बाबा पाइनेम मावशींकडे वळले. "तुझ्या भाच्यालाही सांगू नकोस."

त्यांच्या हातून तो फोन काढून घ्यायची माझी छाती झाली नाही.

"एकदा रडून झालंय त्याचं," ते म्हणाले. "मी खरंच गेलो की त्याला कळवू नका."