रिकाम्या जागेसकट

शनिवारी बाराच्या ठोक्याला लाइट गेली तेव्हा बाबा कॉम्प्युटरसमोर बसले होते. यूपीएस चिरचिरायला लागला. मी स्वयंपाकघरातून म्हटलं, "बंद करा आता, बाबा."

"आठ मिनिटं आहेत अजून. सरकारदरबारी आठ मिनिटांत माणसाचं गाव बदलतं."

खकनारच्या तहसील कचेरीत तेहतीस वर्षं बाबू होते ते. निवृत्तीनंतर दादानं इंदूरहून आपला जुना कॉम्प्युटर पाठवला, आणि बुऱ्हानपुरात शनवारा वेशीबाहेरच्या आमच्या गृहनिर्माण संस्थेचं सचिवपद बाबांकडे आलं. तेव्हापासून संस्थेचं प्रत्येक पत्र, प्रत्येक सभेचं इतिवृत्त त्या चाळीस जीबीच्या डिस्कवर होतं.

जेवायला बसल्यावर म्हणाले, "रजनी, बॅकअपचं सॉफ्टवेअर ठरवायचं राहिलंय. मासिकाबरोबरच्या सीडीत तीन-चार आहेत. तू वाचून सांग कोणतं घ्यायचं ते."

"पुढच्या रविवारी बघू."

"पुढचा म्हणजे उद्याचा, की त्याच्या पुढचा?"

"त्याच्या पुढचा."

"लेखी दे." मग त्यांनी आणखी अर्धी कळण्याची भाकरी मागितली. आई म्हणाली, डॉक्टरनं नाही सांगितलंय. ते म्हणाले, "डॉक्टरनं भरीत खाऊन बघितलंय का?"

रविवारी सकाळी आंघोळीला गेले ते बाहेर आले नाहीत. दार मी आणि शेजारच्यांनी मिळून तोडलं.

२००९ चा एप्रिल होता. सहकार खात्यातली सुनावणी तीन आठवड्यांवर आली होती.

सुनावणी कशाची, ते सांगते. आमच्या वसाहतीत बागेसाठी ठेवलेला एक मोठा प्लॉट होता. तो विकला गेला. संस्थेचे अध्यक्ष मोतीलालजी यांनी एक नोंदवही दाखवली. तिच्यात मे २००६ च्या सभेत प्लॉट विकायचा ठराव झाल्याचं लिहिलं होतं, आणि खाली सचिव म्हणून बाबांचं नाव. बाबांचं म्हणणं होतं की हे पान मागाहून लिहिलंय, असा ठराव झालाच नाही. त्यांच्याजवळ पुरावा एकच होता, त्या सभेचं कॉम्प्युटरमधलं इतिवृत्त. सभेच्या दुसऱ्या दिवशीची तारीख त्या फाइलवर होती. ती टिकली तर बाबा खरे. नाही तर बाग विकणारा सचिव म्हणून वसाहत त्यांना ओळखत राहणार.

बाबा गेल्यावर पाचव्या दिवशी मी ती फाइल उघडली. वकिलांनी एक प्रिंट मागितली होती. दादा मागे उभा होता. दादा म्हणजे अरविंद, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. तो पडद्याकडे बघत म्हणाला, "खाली बाबांचं नाव नुसतंच आहे. पुढे 'कै.' लाव. गेलेल्या माणसाचं नाव असं लिहीत नाहीत."

पाच दिवस घरात सगळीकडे तेच चाललं होतं. पेपरातल्या निधनवार्तेत, तेराव्याच्या पत्रिकेत, बँकेच्या अर्जावर, जिथे बाबांचं नाव येई तिथे मी 'कै.' लिहीत होते. तसंच इथेही लिहिलं, आणि सवयीनं फाइल सेव्ह केली.

प्रिंट हातात आल्यावर कळलं. २००६ च्या सभेचं इतिवृत्त एका कैलासवासी सचिवानं लिहिलेलं होतं. घाईघाईनं मी 'कै.' काढलं आणि पुन्हा सेव्ह केलं. मग फाइलची तारीख बघितली. ती त्या दिवसाची होती. बाबा जाऊन पाच दिवस झाले होते, आणि त्यांच्या एकुलत्या एका पुराव्यावर मी दोनदा हात फिरवला होता.

मी भिंतीवरचा प्लग ओढला.

"काय केलंस?" दादा म्हणाला.

"केलं ते आधीच केलं."

बुधवारा पेठेत सुकलालचं दुकान आहे. आधी रेडिओ दुरुस्त करायचे, मग टीव्ही, आता कॉम्प्युटर. पन्नाशीचा माणूस, चष्मा कपाळावर. माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "प्लग ओढला ते बराबर केलं, ताई. आता चालूच करू नका. विंडोज सुरू झालं की स्वतःच इथे-तिथे लिहीत बसते. पुरानी फाइल मिटली तरी एकदम जात नाही. डिस्क म्हणते, ही जागा खाली आहे. पण खाली म्हणजे काय, झाडू मारलेली नसते. नवीन सामान येऊन बसेपर्यंत जुनं तिथेच पडलेलं राहते."

"म्हणजे मिळेल?"

"गारंटी नाही देत. पण शोधायचं असेल तर असलीवर नाही शोधायचं. आधी पूरी डिस्कची जशीच्या तशी नक्कल घ्यायची, मग नकलेवर."

त्यांनी काउंटरवर तीन सीड्या मांडल्या. पहिलीतलं सॉफ्टवेअर आपण सांगू तेवढे फोल्डर उचलून ठेवतं. फोटो, गाणी, पत्रं. दुसरं नामांकित, रंगीत बटणांचं. ते सगळ्या डिस्कची इमेज घेतं, पण जिथे काही नाही असं त्याला वाटतं ती जागा सोडून देतं. वेळ वाचतो, जागा वाचते. "सगळे हेच नेतात," सुकलाल म्हणाले. "एक टिक लावली तर खाली जागाही घेते. चाबी मी देतो, एका दोस्तानं तोडलेली आहे."

"चोरीचं आहे?"

"आख्खं बुऱ्हानपूर त्याच्यावर चालते, ताई."

"उद्या समोरचा वकील विचारेल, नक्कल कशानं घेतली."

त्यांनी कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला आणि माझ्याकडे नीट बघितलं. "विनायकबाबूंची मुलगी आहात, विसरलोच होतो."

तिसरी सीडी साधी, पांढरी होती, वर पेनानं लिहिलेलं. हे सॉफ्टवेअर फुकट आणि कायदेशीरही. विंडोज सुरूच न करता ते सीडीवरून चालतं, त्यामुळे डिस्कवर स्वतःचं काही लिहीत नाही. पहिल्या कणापासून शेवटच्या कणापर्यंत सगळं उचलतं, भरलेलं आणि रिकामं असा भेद करत नाही. शेवटी मूळ डिस्क आणि नक्कल दोन्ही मोजून आकडे-अक्षरांची एकेक लांब ओळ देतं. दोन्ही ओळी जुळल्या तर नक्कल खरी.

"पण काळा पडदा आहे," सुकलाल म्हणाले. "माऊस नाही, मराठी नाही, हिंदी नाही. आणि उलटं लिहिलं तर जुन्याची नक्कल नव्यावर जायची ती नव्याची जुन्यावर जाते. ते विचारत पण नाही. म्हणून नवी डिस्क ऐंशीची घ्या. आकडा बघून समजेल कोणती कोणाची."

मी ती पांढरी सीडी घेतली.

दादाला हे काही पटलं नाही. तेराव्याच्या संध्याकाळी तो म्हणाला, "परवा सकाळी मी निघणार. कॉम्प्युटर सोबत नेतो, मुलीला लागतोय. तुला पाहिजे ते फोल्डर काढून घे, बाकी मी फॉरमॅट मारतो. दिलेला तर मीच होता ना."

"आख्खी डिस्क घेणार आहे मी."

"आख्खी कशाला? अर्धी तर रिकामी आहे. रिकाम्याची नक्कल कोण काढतं?"

"मी काढते."

"रजनी, संपलं गं ते आता. बाबा गेले. मोतीलालजी शोकसभा घेताहेत, बाबांचा फोटो ऑफिसात लावू म्हणताहेत. आणि तू त्यांच्याच कॉलेजात आहेस. अजून पर्मनंट झाली नाहीस."

ते खरं होतं. कॉलेजच्या ग्रंथालयात मी सहा वर्षं हंगामी होते, आणि मोतीलालजी संचालक मंडळात होते. दरवर्षी जूनमध्ये मला नेमणुकीचं नवं पत्र मिळायचं, त्यावर त्यांचीही सही असायची.

आई मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "अरविंद, तुझ्या बापाला जिवंतपणी सगळ्यांनी हेच सांगितलं. संपलं म्हणून. तू नवीन काही सांग."



दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॉम्प्युटरचं पत्र्याचं झाकण उघडलं. आत बाबांच्या खोलीची धूळ होती, बारीक, पिवळट. मी ती पुसली नाही. सुकलालनी सांगितल्याप्रमाणे नवी डिस्क पट्टीच्या वायरीनं आतच जोडली. बाहेरून जोडली असती तर अकरा तास लागले असते, आणि आमच्याकडे बारा ते तीन लाइट नसते. आतून जोडल्यावर दीड तास नकलेला, दीड तास पडताळणीला. सव्वाआठला बसले.

काळ्या पडद्यावर दोन डिस्का दिसल्या. चाळीस, ऐंशी. कशातून घ्यायचं, कशावर ठेवायचं. मी आज्ञा टाइप केली आणि एंटरवर बोट ठेवून थांबले.

"दाब ना," दादा म्हणाला. तो कधी येऊन बसला होता कोण जाणे.

"तू वाच. मोठ्यानं."

"चाळीसातून ऐंशीवर."

"परत."

"रजनी, चाळीसातून ऐंशीवर. शाळेत बाई परवचा म्हणवून घेत होत्या तसं करू नको." पण त्यानं तिसऱ्यांदा वाचलं, बोटानं पडद्यावर दाखवत.

मी बटण दाबलं. नंतर करण्यासारखं काही नव्हतं. आकडा वाढत गेला. डिस्क आतून बारीक करकरत होती. कुठे बाबांची पत्रं चालली असतील, कुठे दादाचे जुने गेम, कुठे नुसतं काहीच नाही. दादानं चहा केला. इतक्या वर्षांत त्यानं या घरात चहा केलेला मी पाहिला नव्हता, आणि तो वाईट होता.

नक्कल झाली. पडताळणीची पहिली ओळ आली. दुसरी ओळ यायला अकरा चाळीस झाले. दादा एकेक अक्षर वाचत गेला, मी दुसरी ओळ जुळवत गेले. शेवटचं अक्षर जुळलं तेव्हा लाइट जायला पंधरा मिनिटं होती. मी दोन्ही डिस्का बाहेर काढल्या. मूळ डिस्क वकिलांसाठी फडक्यात गुंडाळली.

"मग कॉम्प्युटरमध्ये काय राहिलं?" दादानं विचारलं.

"डबा. तो ने. नवी डिस्क टाकून घे."

त्यानं पत्र्याचं झाकण परत बसवलं.

दुपारी सुकलालना फोन केला. म्हणाले, "वा. आता नकलेत शोधू. पाच-सहा दिवस द्या. पण ताई, पहिलंच सांगितलं होतं, मिळेल, नाही मिळेल." मी बरं म्हटलं. फोन ठेवल्यावर मात्र जे इतके दिवस बाजूला सारत होते ते समोर आलं. त्या सभेत काय झालं हे सांगणारी डिस्क एकटीच नव्हती. मे २००६ मध्ये बाबांच्या उजव्या हाताला प्लास्टर होतं. त्यांनी शेजारी बसून तोंडी सांगितलं होतं, आणि टाइप मी केलं होतं. मागल्या वर्षीच्या सर्वसाधारण सभेत मोतीलालजी त्यांना खोटारडा म्हणाले, तेव्हा मी मागच्या रांगेत बसलेले होते. बाबांनी वळून माझ्याकडे बघितलं. मी पर्सची चेन लावली, उघडली, पुन्हा लावली. घरी आल्यावर त्यांनी एका शब्दानंही विचारलं नाही. जूनमध्ये माझं पत्र आलं.

शोकसभा सहाला होती, संस्थेच्या ऑफिससमोर, मांडवात. बाबांच्या फोटोला हार होता. सत्तर-ऐंशी माणसं असतील. मोतीलालजी चांगले बोलतात. हिंदी-मराठी मिसळून, हात जोडून. बाबांची शिस्त, बाबांचं अक्षर, बाबांची सायकल. लोक हळवे झाले होते. मग ते म्हणाले, "बीच में थोडे मतभेद हुए, घरात होतातच. पण कागद बोलतो. प्लॉटचा ठराव स्वर्गीय विनायकरावांच्याच हातचा आहे, आणि त्यांचा मान ठेवून आपण तो विषय आज इथेच संपवू. सगळे दोन मिनिटं उभे राहून..."

खुर्च्या सरकल्या. सगळे उभे राहिले. मीही राहिले. सगळ्यांनी माना खाली घातल्या.

"दोन मिनिटं नंतर, मोतीलालजी," मी म्हटलं. "आधी मला बोलायचंय."

माना वर आल्या. दादानं माझ्या कोपराला हात लावला, मग काढून घेतला.

"ताई, शोकसभा आहे," मोतीलालजी म्हणाले. "बाद में घरी बसून बोलू."

"नाही. इथेच." मी खुर्च्यांच्या रांगेतून पुढे आले. "मे २००६ च्या सभेचं इतिवृत्त मी टाइप केलंय. बाबांचा हात मोडलेला होता. ते सांगत होते, मी लिहीत होते. सात ठराव होते. पाण्याची टाकी, दिवे, नाली, आणखी चार. प्लॉट विकायचा ठराव त्यात नव्हता. मागल्या वर्षी याच जागी तुम्ही बाबांना खोटं ठरवलंत, तेव्हा मला हे माहीत होतं. बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि मी बोलले नाही. मला नोकरीची भीती वाटत होती. सुनावणीत मी हेच सांगणार आहे, शपथेवर. बाबा खरं बोलत होते, आणि मी गप्प बसले होते."